बोर्डीच्या पुढचा तुकडा

शाळेत पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, पाठ केलेल्या माणसाला समुद्र फसवू शकत नाही, असं मला फार वर्षं वाटत होतं. आमच्या किनाऱ्यावर तिथीला पाऊणकी लावली की भरतीची वेळ निघते. बारा पाऊणे नऊ, म्हणजे द्वादशीला नऊ वाजता भरती पुरी. हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. मी मात्र एडवणला एवढा संसार करून, सुनेचं बाळंतपण करून, नातीला शाळेत घालून, नऊची ती वेळ ओहोटीची धरली. आदल्या दिवशी एकादशीची खिचडी खाल्ली होती, तेव्हा द्वादशीबद्दल शंकाच नव्हती. केळव्याच्या अलीकडे एक खाडी आडवी येते. आत पूल आहे, पण पुलावरून जाणं म्हणजे लबाडी, असा नियम मीच केलेला. त्यामुळे सकाळी वाळूवर फडकं पसरून मी जाहीर केलं, "नवाला गुडघाभर पाणी उरेल, मग साड्या खोचून पार." आणि आम्ही दोघी पाणी उतरायची वाट बघत बसलो. पाणी चढत होतं. ते फडक्याला लागलं तेव्हा मी म्हटलं, ही शेवटची लाट. फडकं मागे घेतलं. मग पिशव्या मागे घेतल्या. मग आम्ही मागे गेलो. असं सरकत सरकत सुरूच्या झाडाला पाठ टेकली तरी माझं म्हणणं एकच, कॅलेंडर चुकीचं छापलंय. शेजारी माझी नणंद हेमा पाय पसरून शेंगदाणे खात होती. ती एडवणच्या किनाऱ्यावरच जन्मलेली, तिला सगळं कळत होतं. दुपारी पाणी उतरलं, पलीकडे पोचलो, तेव्हा मी विचारलं, "तुला ठाऊक होतं ना गं?"

"होतं की," ती म्हणाली. "पण तू इतकं ठासून सांगत होतीस, वैनी... म्हटलं बघू, दर्या तुझं ऐकतो का."

ही हेमा गेली, त्याला आता सव्वा महिना झाला. बोईसरला तिच्या फ्लॅटमध्ये, झोपेतच. सकाळी दूधवाल्यानं बेल वाजवली, दार उघडलं नाही, म्हणून शेजारणीनं जवळच्या किल्लीनं उघडून पाहिलं. तिचा फोन आला तेव्हा मी वाडीतली विड्याची पानं निवडत बसले होते. ती रडत रडत सांगत होती आणि मी म्हटलं, "बरं, मी कळवते." कोणाला कळवणार होते? नवरा जाऊन काही वर्षं झाली, सासू-सासरे त्याच्या कितीतरी आधी गेले. त्या घरातल्या जुन्या माणसांत उरलेली मीच. फोन खाली ठेवून मी पुन्हा पानं निवडायला लागले. मोठी एकीकडे, लहान एकीकडे... सुनेनं येऊन विचारलं, कोणाचा फोन? तर मी म्हटलं, हेमाचा. ते अगदीच खोटंही नव्हतं.

मी पामची. बोईसरहून तारापूरकडे जाताना लागतं ते पाम. लग्न होऊन एडवणला आले तेव्हा मॅट्रिक झाल्याची फार मिजास होती. पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी विचारलं, "दर्याची भीती नाय ना वाटत?" मी म्हटलं, "छे, आमच्याकडे खारा वारा येतोच की." वारा येत होता हे खरं. समुद्र मी तोवर दोनदा पाहिला होता, तोही बैलगाडीतून. त्या संध्याकाळी मोठ्या तोऱ्यात पाण्यात उभी राहिले आणि लाट परतताना माझी एक चप्पल घेऊन गेली. नवी, लग्नातली. घरी येऊन सांगितलं की चप्पल मी समुद्राला अर्पण केली, आमच्याकडे तशी पद्धत आहे. सासूबाई भाबड्या, त्यांनी पदर सावरून हात जोडले. हेमा तेव्हा अठरा वर्षांची, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. दारात उभी राहून तिनं सगळं ऐकलं आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "मग दुसरी पन टाकायला पायजे, वैनी. एकच दिली तर त्याला कशी चालंल?" दुसऱ्या दिवशी सासूबाईंच्या देखत मला दुसरी चप्पलही टाकावी लागली. महिनाभर मी अनवाणी फिरले. आमच्या मैत्रीची सुरुवात ही अशी.

हेमानं लग्न केलं नाही. का केलं नाही, हे तिनं कधी सांगितलं नाही, आणि विचारलं की दर वेळी वेगळं कारण द्यायची. बोईसरला एका कारखान्यात पॅकिंगच्या खात्यात लागली आणि तिथेच सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. तिच्या हाताखाली कुठकुठची माणसं होती, त्यामुळे तिची हिंदी म्हणजे आमच्या घरात करमणूक होती. सणाला आली की माझ्या मुलालाही दटावायची, "ए भैया, पहिले हात धुव, बाद में लाडू." त्याला ती आत्या कमी आणि मुकादम जास्त वाटायची.

माझ्या नवऱ्याचं वर्षश्राद्ध झालं त्या दिवशी, पानं उठल्यावर, मागच्या पडवीत हात पुसत ती म्हणाली, "वैनी, आपण हितनं झाईपर्यंत चालत जायचं. दर्याच्या कडेकडेनं." झाई म्हणजे आपल्या राज्याचं शेवटचं गाव, पुढे गुजरात. मी म्हटलं, "कशाला?" ती म्हणाली, "चालायला." भावासाठी काही नवस बोललीय की काय, असं मला वाटलं. तसं विचारलं तर हसली. मग वाटलं, मला घराबाहेर काढायला म्हणत असेल. तेही विचारलं तर म्हणाली, "तुला काय काढायचंय, तू काय मांजर हायस?" आजतागायत मला त्या चालण्याचं कारण कळलेलं नाही. पण मी हो म्हटलं, आणि हो म्हणताच पुढारपण घेतलं. एका दमात एवढं चालणं आमच्या वयाला झेपणारं नव्हतं, म्हणून तुकडे पाडले. जमेल तेव्हा जायचं, दमलो की थांबायचं, रिक्षानं नाहीतर एस.टी.नं घरी यायचं आणि पुढच्या वेळी बरोब्बर त्याच जागेवरून निघायचं. पुढे जाताना चाक वापरायचं नाही. मी पुढे चालणार, हेमा मागे. हे सगळे नियम माझे. तिनं एकालाही हरकत घेतली नाही, यावरूनच मला संशय यायला हवा होता.

केळव्याच्या अलीकडच्या खाडीची फजिती सांगितलीच. पुढे माहीम, शिरगाव करत सातपाटीला पोचलो तर पलीकडे मुरबे दिसतंय आणि मध्ये चांगली रुंद खाडी. तिथून होडीनंच जावं लागतं. माझा नियम आडवा आला. होडीत बसलो तर चालणं कसलं? मी परत फिरायच्या विचारात होते. हेमा होडीत चढली, मध्यभागी उभी राहिली आणि जागच्या जागी पावलं टाकायला लागली. "ये, वैनी, आपण चालत जाऊ." होडीत मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन चार बायका होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मीही चढले आणि लाजत लाजत पावलं टाकू लागले. होडी डुलायला लागली. होडीवाला म्हणाला, "बायांनो, बसा गो खाली. तुमी चालत जाल नि आमी पोहत." बसलो. पण पलीकडे उतरल्यावर हेमानं मला बजावलं, ही खाडी चालून झाली असंच धरायचं. मी धरलं. अजूनही धरते... बरोबर की चूक, कोण जाणे.

मुरब्यापासून नांदगाव, आलेवाडी, नवापूर हा भाग सुखाचा गेला. पुढे अणुऊर्जा केंद्राजवळ किनारा बंद. चौकीवरच्या माणसानं नम्रपणे सांगितलं, "मावशी, इथून नाही जाता येणार, आतून फिरून जा." मी त्याला सांगून पाहिलं की आम्ही नुसत्या चालतोय, कशाला हात लावणार नाही. तो हसला, पण सोडलं नाही. मग आतल्या रस्त्यानं वळसा घ्यायचा ठरला आणि मला स्फुरण चढलं, कारण तो मुलूख माझ्या माहेरचा. हेमाला म्हटलं, "आता डोळे मिटून चल माझ्यामागे." पहिलं वळण बरोबर घेतलं. दुसऱ्याला जिथे चिंच असायला हवी होती तिथे चारमजली इमारत. शेतात कारखान्याची भिंत. तळं कुठे गेलं कळेना. भर उन्हात तासभर त्याच त्याच दुकानांवरून फिरलो. शेवटी एका टपरीवर डबा खात बसलेल्या कामगाराला मी माझ्या हिंदीत विचारलं, "भाऊ, पाम किधर आया?" तो घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. म्हणाला, "काकी, पाम में ही तो खड़ी हो आप."

हेमानं मागे वळून भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. मला मात्र त्या वेळी हसू आलं नाही. मी जन्मले ते गाव मला ओळखू येत नव्हतं, आणि ते मला कुठल्या कुठून बिहारहून आलेल्या पोरानं सांगावं... रडू आलं की राग, आजही नक्की सांगता येत नाही. हेमाला ते कळलं असावं. तिनं त्या टपरीवर सोड्याच्या दोन बाटल्या मागवल्या आणि म्हणाली, "वैनी, बरं झालं. हरवायचंच तर माहेरात हरवावं, कोन तरी जेवायला वाढतं." आणि खरोखर त्या पोरानं आपल्या डब्यातलं लिंबाचं लोणचं आम्हाला दिलं. ते आम्ही सोड्याबरोबर खाल्लं.

तारापूर, चिंचणी, वरोर, डहाणू, नरपड, चिखले. सगळं सांगत बसत नाही. पाऊस आला की चार महिने बंद, कोणाचं लग्न आलं की बंद, तिला मोतीबिंदू झाला तेव्हा बंद. तरी एके दिवशी बोर्डीला पोचलो. समोर झाई, जेमतेम एका सकाळचं अंतर. आणि तिथे, सुरूच्या बनात, माझा गुडघा टम्म फुगला. उठता येईना. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. हेमा म्हणाली, "ऱ्हाऊ दे. झाई काय पळून जाते?"

गुडघा दोन-तीन महिन्यांत बरा झाला. मग मात्र एक विचित्र गोष्ट सुरू झाली, जी मला तेव्हा गोड वाटत होती. दर रविवारी हेमाचा फोन यायचा, "काय वैनी, निघायचं?" मी म्हणायचे, थंडी बाधते गं, होळी होऊन जाऊ दे. होळी झाली की तिच्या इमारतीत पाण्याचा त्रास असायचा. तो मिटला की मला पापड करायचे असायचे. दोघींची कारणं सांगून झाली की आम्ही खुशीत दुसऱ्या गप्पांना लागायचो. मी मनाशी धरून चालले की आम्हा दोघींनाही तो तुकडा संपवायचा नाही. संपला की मग काय करायचं? सत्तरीला टेकलेल्या दोन बायकांनी पुन्हा एडवणपासून निघायचं की काय? हे आम्ही एकमेकींना बोललो नाही. बोलायची गरजच नाही, असा माझा समज.

ती गेल्यावर तिचा मोबाइल मुलानं माझ्याकडे दिला. म्हणाला, "आई, चालू ठेव, तिला फोन करणारे असतील." करणारे होते. एक जण कसली तरी योजना सांगायला रोज करायचा. मॅडम कब मिलेंगी, विचारायचा. मी म्हणायचे, अब नहीं मिलेंगी. तो म्हणायचा, ठीक है, कल करता हूँ. आणि खरंच दुसऱ्या दिवशी करायचा. मला त्याचा राग यायचा आणि एक दिवस नाही आला तेव्हा चुकल्याचुकल्यासारखंही झालं. मग एका दुपारी बाईचा आवाज आला.

"ताई? झाईवरनं जमना बोलतेय. तुमची छत्री हितंच पडलीय कवाची. न्यायला कवा येता?"

मी विचारलं, कोणती छत्री. "ती काळी. मुठीला लाल दोरा बांदलेली." लाल दोरा मीच बांधला होता, कारखान्यातून सगळ्यांना सारख्याच छत्र्या मिळाल्या होत्या म्हणून. माझ्या तोंडून निघालं, "येते." मी हेमा नाही, हे सांगायचं राहून गेलं. की मुद्दामच सांगितलं नाही, देव जाणे.

तर हेमा झाईला गेली होती. फोन ठेवल्यावर मी तिच्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले. त्याला हार होता, म्हणून काही बोलता येईना. हार घातलेल्या माणसाशी भांडायची सोय नसते. आदल्या दिवसापर्यंत जिच्या आठवणीनं मी भाजीबाजारात दुधी हातात धरून रडत होते, तिच्यावर आता चिडायचं, की रडणं पुढे चालू ठेवायचं... दोन्ही एकदम करून पाहिलं, जमत नाही. मला फक्त एक कळायला हवं होतं. ती झाईला चालत गेली होती का? चालत गेली असेल, तर आमचं चालणं तिनं माझ्याशिवाय संपवलं, आणि वर रविवारी फोन करून मला "निघायचं?" विचारत राहिली. मग एडवणपासून बोर्डीपर्यंत माझ्या मागून कोण चालत होतं? माझी मैत्रीण, की म्हाताऱ्या वहिनीला फिरवून आणणारी कोणी समजूतदार बाई?

मुलगा म्हणाला, "झाईपर्यंत गाडीनं सोडतो." मी म्हटलं, "बोर्डीला सोड, नि तू पुढे जाऊन थांब." जिथे गुडघा फुगला होता त्या बनापाशी उतरले आणि निघाले. ओहोटी होती. या वेळी नातीनं मोबाइलमध्ये बघून वेळ दिली होती, पाऊणकीला मला हातही लावू दिला नाही. ओली वाळू कडक होती, चालायला बरी. पण मला चालता येईना. गुडघा ठीक होता. दर थोड्या वेळानं मी मागे वळून बघत होते. आणि बघताना लक्षात आलं, की एवढा किनारा बरोबर चालूनही मी हेमाला चालताना पाहिलंच नाही. मी कायम पुढे. ती पाय ओढत चालायची की झपझप, हात हलवायची की मागे बांधायची, मला सांगता येणार नाही. फक्त तिच्या चपलेचा आवाज माहीत आहे, आणि शेंगदाणे चावल्याचा. मग मी थोडा वेळ कडेला थांबून राहिले, जणू तिला पुढे जाऊ द्यावं. कोणी पुढे गेलं नाही. एक कुत्रा तेवढा गेला. मी आपली त्याच्या मागून चालायला लागले.

झाईला किनाऱ्याच्या वर, रस्त्याला लागून जमनाबेनची चहाची टपरी आहे. माझ्यापेक्षा पंधरा-वीस वर्षांनी लहान बाई, नाकात चमकी, हात सतत कामात. मी हेमाच्या छत्रीचं नाव काढताच माझ्या मागे बघून म्हणाली, "त्या नाय आल्या?"

"ती गेली."

"कुटं?"

मला तो शब्द तोवर एकदाही उच्चारावा लागला नव्हता. सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं. "वारली," मी म्हटलं.

जमनाबेननं धुतलेला पेला पुन्हा धुतला. मग आत जाऊन छत्री आणली, पदरानं पुसली आणि माझ्या हातात दिली. चहा ठेवला. मी बाकावर बसले, समोर समुद्र होता, थोडं पुढे गेलं की आपली हद्द संपते. छत्री मांडीवर घेऊन, फार मोठं काही विचारत नसल्यासारखं करत मी विचारलं, "ती चालत आली होती का हो? बोर्डीहून?"

"नाय ओ. रिक्षानं यायच्या. एकदा नाय, किती रविवार. हितं उतरायच्या, हितनंच परत. वाळूत पाय सुदीक नाय घातला कदी. मी बोलले, ताई, एवड्या लांबून येता, जरा दर्यावर तरी जावा. तर म्हनायच्या, नको, चपलेत वाळू जाते."

माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं. तिनं चालणं संपवलं नव्हतं. पण ते उतरतंय तोवर दुसरं येऊन बसलं. वाळूत पायच घालायचा नव्हता, तर बोईसरहून इतकं लांब ती पुन्हा पुन्हा यायची कशाला? मी तसं विचारलं. जमनाबेन चहा गाळत होती. ती वर न बघताच म्हणाली:

"ते मला काय म्हाईत. हितं बसून फोन लावायच्या, वैनी वैनी करत बोलायच्या. फोन ठेवला का मला सांगायच्या, 'आज पन नाय येत ती. बरं झालं.' आन दुसरा चा मागायच्या."